मोहोड सरांचा वाचक

जिन्याच्या वळणावरच शालिकरामला आवाज ऐकू आला. वर मोहोड सरांच्या खोलीत कुणीतरी बाई इंग्रजीतून वाचत होती. घाईघाईनं, श्वास न घेता, एकाच पट्टीत. तो थांबला. दर रविवारी सकाळी त्या खोलीत वाचणारा माणूस तो स्वतः होता, आणि आज रविवारच होता.

पायरीवर उभं राहून त्यानं उगाच पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. आठवडाभरात कॉलेजच्या प्रिंटरवर काढलेले शोधनिबंध त्या पिशवीत होते. सरांची मुलगी पुण्याहून आली असेल का? पण तिचा आवाज त्याच्या ओळखीचा होता. हा नव्हता.

आत गेला तर वाचणारी बाई कुठंच नव्हती. टेबलावर, पाण्याच्या तांब्याला टेकवून एक टॅब उभा केलेला होता आणि आवाज त्यातून येत होता. सर आरामखुर्चीत पुढं झुकून, डोळे मिटून ऐकत होते. खाली सतरंजीवर हर्षा भोयर बसली होती. तिच्या मांडीवर जुन्या शोधनिबंधांची एक पेटी होती आणि एकेक पान सपाट करून ती मोबाइलवर त्याचा फोटो घेत होती.

"कोण, शालिक?" सर म्हणाले. "ये गा. बस. हे ऐक."

तो सरांच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसला. टॅबमधली बाई गोगलगायींच्या शंखांची मापं धडाधड सांगत सुटली होती.

"सर, हे फार जोरात वाचते," तो म्हणाला. "याचं काही समजते काय?"

"दुप्पट स्पीडवर ठेवलं आहे," हर्षा म्हणाली. "सरांनीच सांगितलं. पहिले साध्या स्पीडवर होतं, तर सर म्हणे, ही बाई झोपून राहिली."

सर मोठ्यानं हसले. शालिकरामनंही हसल्यासारखं केलं. साधा स्पीड म्हणजे त्याचाच स्पीड होता.

त्या दिवशी त्याची पिशवी उघडलीच गेली नाही.

हर्षाला या घराचा पत्ता त्यानंच दिला होता. ती काटोलची. एम.एस्सी.ला त्याची विद्यार्थिनी होती, आणि आता पीएच.डी. करत होती. तलावांतल्या गोगलगायींवर जुनं काही मिळत नाही म्हणून ती त्याच्याकडे आली, तेव्हा तो स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला होता, "इंटरनेटवर कायले शोधतेस? चल रामदासपेठेत. नागपूरच्या तलावातली एक गोगलगाय अशी नाही, जी आमच्या सरांनी हातात धरली नाही."

ते खरंच होतं. महादेवराव मोहोडांनी सारा जन्म गोड्या पाण्यातल्या गोगलगायींवर काढला. फुटाळा, अंबाझरी, गोरेवाडा, नाईक तलाव, आणि पार उमरेडकडचे बंधारे. निवृत्त झाल्यावरही ते काम करत राहिले. मग डोळे गेले, तेही विचित्र तऱ्हेनं. कडेचं दिसे, मधलं दिसेना. समोरच्याचा चेहरा पाहायचा तर त्यांना त्याच्या कानाकडे पाहावं लागे. छापलेल्या ओळीला मात्र कान नसतो. वाचन बंद झालं.

तेव्हापासून शालिकराम वाचत होता. गोळीबार चौकातल्या विणकराच्या घरात, मागांच्या खडखडाटात तो लहानाचा मोठा झाला. त्या आवाजावर आवाज चढवून बोलायची घरातल्या सगळ्यांनाच सवय होती, त्यामुळे त्याचा आवाज उंच आणि खणखणीत. विद्यापीठात गेला तेव्हा या आवाजाला मुलं हसायची. सर हसले नव्हते. त्यांनी त्याला पीएच.डी.ला घेतलं, उमरेड रोडवरच्या कॉलेजात नोकरीला लागला तेव्हा स्वतः पेढे आणले, आणि डोळे गेल्यावर म्हणाले, "शालिक, तू वाचत जा. तुझा आवाज मले फाटकापासून ऐकू येते."

तो सावकाश वाचायचा. एक परिच्छेद झाला की थांबायचा. सर म्हणायचे, "पुढे." कधी म्हणायचे, "हे चूक आहे, लिही." मग तो समासात पेन्सिलीनं सरांचं म्हणणं लिहायचा. घरी येऊन त्या निबंधाचं कार्ड करायचा आणि पुढच्या रविवारी ते लाकडी खणात लावायचा. कॉम्प्युटर त्याला येत नव्हता असं नाही. इंटरनेटवरून उतरवलेले पेपर तो पेन ड्राइव्हवर ठेवायचा. त्यात एक फोल्डर 'सर' नावाचा होता, एक 'सर नवीन', एक 'सर नवीन २' आणि एक 'सर एकदम नवीन'.

पण वाचणं हा त्या रविवारांचा अर्धाच भाग होता. उरलेला अर्धा भाग एका प्रश्नात होता. वाचता वाचता सर मध्येच हात वर करायचे आणि विचारायचे, "शालिक, थंडीत गोगलगायी अंडी घालायच्या थांबतात, हे आपण कुठं वाचलं होतं गा?" मग तो आठवायचा, उठायचा, खण ओढायचा, आणि बहुतेक वेळा ते कार्ड सापडायचं. 'आपण' हा शब्द ऐकायला तो आठवडाभर वाट पाहायचा. कॉलेजात प्राचार्य त्याच्यापेक्षा लहान होते, बरोबरीचे विभागप्रमुख होऊन गेले होते, त्याच्या स्वतःच्या नावावर दोन-चार निबंधांपलीकडे काही नव्हतं. त्याचं त्याला फारसं काही वाटत नसे. रविवारी कुणीतरी त्याला 'आपण' म्हणत होतं.

हर्षानं ते फोटो काढायचं काम उन्हाळ्याच्या सुट्टीत संपवत आणलं. पेट्यांतला कागद न् कागद टॅबमध्ये गेला. प्रत्येक निबंधाला लेखकाचं नाव, वर्ष, तलाव, गोगलगायीची जात असं सगळं लावलं गेलं. समासातल्या पेन्सिलीच्या नोंदीही तिनं टाइप करून त्या त्या पानाला जोडल्या.

"बारापात्रे सर, तुमचं अक्षर इतकं साफ आहे," ती त्याला म्हणाली, "नाही तर मले हे जमलंच नसतं." मग पेन ड्राइव्ह उघडून तिला हसू आलं. "आणि हे 'एकदम नवीन'मधे सगळ्यात जुने पेपर आहेत."

ती मोकळेपणानं हसली. त्याला ते टोचलं.

एका रविवारी ती म्हणाली, "सर, काहीही विचारा. कुठलाही शब्द."

"फुटाळा," सर म्हणाले.

तिनं बोटानं तेवढं लिहिलं. फुटाळ्याचं नाव असलेले सगळे निबंध एकाखाली एक आले. तिनं त्यांतल्या नोंदी वाचायला लावल्या. टॅबमधली बाई सरांचंच बोलणं सरांना ऐकवू लागली. कुठल्या वर्षी पाणी हिरवं झालं, कुठल्या घाटावर शंख पातळ सापडले. सर थक्क होऊन ऐकत होते. त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली.

"आणि ते थंडीतल्या अंड्यांचं कुठं वाचलं होतं आपण, हर्षा?"

शालिकराम उठायला लागला होता. स्टुलावरून अर्धा उठला, आणि तसाच पुन्हा बसला. तोवर उत्तर आलं होतं.

मोहोड सरांच्या पत्नी यमुताई चहा घेऊन आल्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "काहून गा शालिक, तोंड उतरलं तुझं? जेवला नाही काय सकाळी?"

"ऊन लागलं, काकू."

त्याच दिवशी सरांनी पुस्तकाचं काढलं. विदर्भातल्या गोगलगायींवरचं पुस्तक. डोळे जायच्या आधी अर्धं लिहून झालं होतं, आणि मग त्याचं नावही कुणी काढत नसे. "आता होते हे पुस्तक," सर म्हणाले. "जे लागते ते एका मिनिटात समोर येऊन राहिलं. मी सांगीन, हर्षा लिहीन. दोघांच्या नावानं काढू. शालिक, तू फक्त भाषा पाहून दे."

"हो सर," तो म्हणाला.

घरी जाताना त्यानं सीताबर्डीच्या गर्दीत स्कूटर घातली. खरं तर तो रस्ता त्याचा नव्हता. मोबाइलच्या दुकानांसमोरून तो दोनदा गेला. घरी पोचल्यावर हातपाय न धुता खोलीत गेला, आणि मोबाइलवर शोधून शोधून ती वाचणारी बाई सुरू केली. दुप्पट वेगावर. ती काय वाचते ते ऐकलं, मग तेच पान हातात घेऊन तिच्यासारखं वाचायला लागला.

त्याची बायको प्रेमिला बाहेर सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत बसली होती. थोडा वेळ तिनं ऐकलं, मग हातात जुडी तशीच घेऊन दारात आली.

"कोणाच्या मागं पळून राहिले तुमी?" तिनं विचारलं. "का कोणी तुमच्या मागं लागलं?"

"काही नाही. सवय करून राहिलो."

"कशाची?"

त्यानं हळूहळू सगळं सांगितलं. टॅब, पेट्या, पुस्तक, दोघांची नावं. प्रेमिला पलंगाच्या कडेवर टेकली.

"जन्मभर मी म्हणत होती, एक रविवार घरी राहा म्हणून. पोरगी शाळेत होती तेव्हा म्हणत होती, तिचं लग्न झालं तरी म्हणत होती. आता त्या लेकरानं तुमाले मोकळं केलं, तर तुमी हे असे."

"तुले नाही समजणार."

"मले चांगलं समजते," ती म्हणाली. "रविवारी मी अशीच बसून राहायची." आणि ती उरलेली जुडी निवडायला निघून गेली.

पुढच्या रविवारी हर्षा यायच्या आधीच तो पोचला. "सर, मी एक नवीन पेपर आणला आहे, वाचू?" असं म्हणून त्यानं सुरुवात केली. जमेल तितकं जोरात. शब्दांवर शब्द चढले, लॅटिन नावं तोंडातच फुटली. सर कान टवकारून ऐकत होते. मग त्यांनी हात वर केला.

"काय झालं गा, शालिक? कुठं जायचं आहे काय तुले?"

"नाही सर."

"मग बस नं शांत. पोरगी येईलच."

ई-मेल त्या आठवड्यात आली. म्हणजे ती आधीच येऊन पडली होती, त्यानं आता उघडली. सरांचा सगळा संग्रह हर्षानं इंटरनेटवर एका जागी ठेवला होता आणि तिथं यायचं आमंत्रण त्यालाही पाठवलं होतं. तुम्ही कुठूनही वाचू शकाल, चुका दिसल्या तर दुरुस्त करू शकाल, असं तिनं लिहिलं होतं. त्यानं आत जाऊन पाहिलं. बाजूला, कुणाकुणाला ही दारं उघडी आहेत त्यांची नावं होती. महादेवराव मोहोड. हर्षा भोयर. शालिकराम बारापात्रे. आणि पंकज भोयर, अमरावती.

तो त्या चौथ्या नावाकडे पाहत राहिला.

खूप वर्षांपूर्वीची एक गोष्ट त्याला माहीत होती. सरांनी ती कधी सांगितली नव्हती, यमुताईंनी सांगितली होती. बाहेरच्या एका संस्थेतला माणूस पाहुणा म्हणून सरांकडे येऊन राहिला, त्यांच्या वह्या मोकळेपणानं पाहून गेला, आणि पुढच्या वर्षी गोरेवाड्याच्या गोगलगायीबद्दलचा सरांचा शोध स्वतःच्या नावानं छापून मोकळा झाला. त्यानंतर सरांनी अप्रकाशित नोंदी कुणाला दाखवल्या नाहीत. शालिकरामला, आणि आता हर्षाला, सोडून.

बुधवारी तो कॉलेजातून लवकर निघाला आणि रामदासपेठेत गेला. सर एकटेच होते, टॅब ऐकत. त्यांनी तो बोटानं चाचपून बंद केला. बंद करायचं त्यांना हर्षानं शिकवलं होतं.

"आज कसा काय गा? बुधवार आहे नं?"

"इकडं काम होतं सर." तो स्टुलावर बसला. "एक गोष्ट तुमच्या कानावर घालावी म्हटलं. तुमच्या सगळ्या नोंदी हर्षानं इंटरनेटवर चढवल्या. आपल्याशिवाय आणखी एक जण त्या पाहून राहिला. अमरावतीचा."

सरांचा हात टॅबवरच होता. "अमरावतीचा कोण?"

"पंकज नावाचा कोणी आहे."

त्यानं आडनाव सांगितलं नाही.

"छापले नाहीत ते कागदही आहेत त्यात?"

"सगळंच आहे सर. गोरेवाड्याचंही."

सरांनी टॅब उचलला आणि चाचपत शेजारच्या शोकेसमध्ये, पितळेच्या मूर्तींच्या मागं ठेवून दिला. "यमू," त्यांनी आत हाक मारली, "त्या पोरीले फोन कर. म्हणावं, रविवारी येऊ नको."

जिना उतरताना शालिकरामला अंग हलकं वाटलं. फाटकापाशी त्यानं स्कूटरला किक मारली, ती पहिल्या किकला सुरू झाली, आणि त्याचाही त्याला आनंद झाला.

हर्षा त्याला शनिवारी कॉलेजात भेटायला आली. सरांनी विचारलं तेव्हा तिनं फोनवरच सगळं खरं सांगितलं होतं. हो, इंटरनेटवर ठेवलं. हो, पंकजला दिलं. पुढचं सरांनी ऐकलंच नाही, फोन काकूंकडे देऊन टाकला. आता तिच्याकडे सरांची एक पेटी राहिली होती, ती घेऊन ती आली होती.

"पंकज माझा भाऊ आहे, सर," ती म्हणाली. "जुने कागद मशीन चुकीचं वाचते, त्याचे शब्द तो दुरुस्त करून देते. त्याले गोगलगायीचं काय समजते? पण चूक माझीच आहे. विचारायला पाहिजे होतं." तिनं पेटी त्याच्या टेबलावर ठेवली. "तुम्ही बोलाल काय त्यांच्याशी? तुमचं ऐकतात ते."

"पाहतो," शालिकराम म्हणाला.

तिनं पेटीवरची धूळ ओढणीनं पुसली आणि ती गेली.

त्यानंतरचे रविवार पुन्हा त्याचे झाले. तो सावकाश, खणखणीत वाचायचा. परिच्छेद झाला की थांबायचा. सर कधी 'पुढे' म्हणायचे, कधी म्हणायचेच नाहीत, आणि मग तो आपणहून पुढं जायचा. समासात लिहायला काही निघत नव्हतं. पुस्तकाचं कुणी बोलत नव्हतं. पाऊस सुरू झाला, खिडक्या लावून घ्याव्या लागत, आणि बंद खोलीत त्याचा आवाज त्यालाच फार मोठा वाटे.

एकदा सरांनी हात वर केला. तो वाक्याच्या मध्येच थांबला.

"ते पातळ शंखांचं कुठलं साल होतं गा, शालिक?"

तो उठला. खण ओढला. हर्षानं कार्डं तलावांप्रमाणे लावून दोऱ्यानं बांधली होती. ती रचना चांगली होती, पण त्याची नव्हती. त्यानं एक गठ्ठा सोडला, दुसरा सोडला. सर वाट पाहत होते. बाहेर पन्हाळीतून पाणी पडत होतं.

"राहू दे," सर म्हणाले. "बस."

तो बसला. सरांनी मान तिरपी केली आणि त्याच्या कानाकडे, म्हणजे त्याच्याकडे पाहिलं.

"शालिक, एक सांगू? राग मानू नको. मले तुझंच वाचणं आवडते. त्या बाईचं काही आवडत नाही, ती तर पिठाच्या गिरणीसारखी चालते. पण माझी ऐंशी उलटली गा. तू एक पेपर वाचते तोवर ती चार वाचते. माझ्याजवळ वेळ असता, तर मी तुलेच वाचायला लावलं असतं. शेवटपर्यंत." ते थांबले. "आता काय, ते पुस्तक राहिलंच. पोरीनं असं करायला नाही पाहिजे होतं."

शालिकरामच्या हातात अर्धवट वाचलेला निबंध होता. बसताना त्यानं बोट पुन्हा त्याच ओळीवर ठेवलं होतं. त्याला वाटलं होतं, सरांना त्याचा कंटाळा आला. त्याला वाटलं होतं, हर्षाचं वय, तिची हुशारी, तिचं हसणं, यांपुढं तो जुना झाला. उन्हाळाभर त्यानं हे मनात इतकं घोळवलं होतं की सरांच्या हाती आता फार दिवस नाहीत, हा साधा विचार त्याला एकदाही सुचला नव्हता.

"सर," तो म्हणाला. "त्या पंकजचं आडनाव भोयर आहे."

सरांनी तिरपी मान सरळ केली.

"तिचा भाऊ आहे. शब्द दुरुस्त करून देते तिले. तिनं मलेही आमंत्रण पाठवलं होतं, त्यात त्याचं पूर्ण नाव होतं. मी तुमाले सांगायला आलो, त्याच्या आधीच वाचलं होतं."

"वाचलं होतं."

"हो सर."

"आणि मले तेवढं वाचून नाही दाखवलं."

पन्हाळीचं पाणी पडतच होतं. सर खुर्चीत मागं टेकले. त्यांचा चेहरा रागावलेला दिसत नव्हता. एखादा निबंध संपल्यावर ते जसे बसत, तसेच बसले होते.

"फोन लावा तिला," ते म्हणाले.

शालिकरामला वाटलं, कुणीतरी आलं आहे. त्यानं मागं वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

"बारापात्रे, हर्षाला फोन लावा. माझ्याकडे द्या."

त्यानं नंबर शोधला. फोन लागल्यावर त्यानं तो सरांच्या हातात दिला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला.

"हर्षा, मी मोहोड बोलतो," सर म्हणत होते. "रविवारी ये. नाही, नाही. गैरसमज माझाच झाला. म्हातारा माणूस आहे, पूर्ण ऐकून घेतलं नाही. तुझ्या भावालाही माझा नमस्कार सांग."

फोन परत देताना ते एवढंच म्हणाले, "धन्यवाद."

पुढच्या रविवारी हर्षा आली तेव्हा शालिकराम तिच्या आधी येऊन जिन्याच्या वळणावर उभा होता. यायचं की नाही हे त्याचं ठरत नव्हतं. प्रेमिलाला त्यानं आदल्या रात्री सगळं सांगितलं होतं. मग सकाळी आपणहून त्याचा शर्ट इस्त्री करून तिनं खुर्चीच्या पाठीला लावला होता.

हर्षा जिन्यातच त्याला म्हणाली, "तुम्ही बोलले नं सर त्यांच्याशी? मी घरी सांगितलं, बारापात्रे सरच बोलले असतील म्हणून."

त्याला काहीतरी म्हणायचं होतं. ती तोवर आत गेली होती, शोकेसमधून टॅब काढून ओढणीच्या टोकानं काच पुसत होती.

काम सुरू झालं. टॅब वाचत होता, सर थांबवत होते, सांगत होते, हर्षा लिहून घेत होती. जुनी वाक्यं सरांच्या तोंडून भराभर येऊ लागली. शालिकराम त्याच्या स्टुलाकडे जायला निघाला तेव्हा सर म्हणाले, "तिथं कशाला बसता? खुर्ची घ्या नं, बारापात्रे."

दाराजवळ पाहुण्यांसाठी एक वेताची खुर्ची असे. इतक्या वर्षांत तो तिच्यात कधी बसला नव्हता. तो जाऊन बसला.

"पहिलं प्रकरण लिहून झालं की तुम्हाला देतो," सर म्हणाले. "सवडीनं भाषा पाहून द्या."

"हो सर."

यमुताई चहा घेऊन आल्या होत्या. ट्रे हातात तसाच धरून त्या नवऱ्याकडे पाहत राहिल्या. "हे काय नवीन?" त्या म्हणाल्या. "शालिकले अहो-जाहो काहून करून राहिले तुमी?"

सर टॅबकडे मान करून बसले होते. हर्षानंही लिहिता लिहिता वर पाहिलं.

"मोठा झालो नं काकू मी आता," शालिकराम म्हणाला, आणि उठून त्यानं त्यांच्या हातातला ट्रे घेतला. पहिला कप सरांच्या हाताला लागेल असा ठेवला, दुसरा हर्षाला दिला. आपला कप घेऊन तो दाराजवळच्या खुर्चीवर परत जाऊन बसला. हर्षानं टॅब पुन्हा सुरू केला. चहा निवेपर्यंत तो कप हातात धरून ऐकत राहिला. त्या वेगात त्याला निम्मंच कळत होतं.